कॅथॉलिक विषयावरची पोस्टाची तिकिटे : संग्रह कसा उभारावा, काय घ्यावे, काय टाळावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. व्हॅटिकनची बरीच सुटी तिकिटे, मदर तेरेसांची काही आणि दोन-चार फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेली सचित्र पाकिटे) एवढा माल हाती आहे. घर वसईत, म्हणजे चार महिने ओल. यातून कॅथॉलिक विषयाचा नीट संग्रह कसा करायचा, पुढे काय विकत घ्यायचे आणि ते टिकवायचे कसे?

पहिले काम म्हणजे विषय लहान करणे. ‘कॅथॉलिक तिकिटे’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. १९२९ पासूनचे सगळे व्हॅटिकन, स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीचे संत, जगभरच्या नाताळच्या तिकिटांवरच्या मारिया, जॉन पॉल दुसरे यांचे शेकडो चेहरे हे सगळे त्यात येते. असा संग्रह दहा वर्षांनीही अर्धाच राहतो, आणि बघणाऱ्याला त्यात नुसता ढीग दिसतो. एक संत, एक घटना किंवा एक तीर्थस्थान घ्या. त्याच्या आसपासचे सगळे टपाली साहित्य खोलात जाऊन जमवा.

कोकणपट्टीतल्या माणसाला सर्वांत सोयीचा आणि मालाने सर्वांत श्रीमंत विषय सोळाव्या शतकातला जेजुइट धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर हा आहे, म्हणून पुढचे सगळे त्याच उदाहरणावर सांगतो. त्याची कथा स्पेनमधल्या नवारपासून पॅरिस, लिस्बन, गोवा, मलाक्का, जपान आणि चीनच्या किनाऱ्यापर्यंत जाते. पोर्तुगीज भारत, भारत, मकाव, स्पेन, पोर्तुगाल, व्हॅटिकन अशा अनेक प्रशासनांची तिकिटे त्यात बसतात. बराचसा माल अजून परवडणारा आहे. शिवाय गोव्यात त्याच्या पवित्र अवशेषांचे प्रदर्शन साधारण दर दहा वर्षांनी होत असल्याने कालक्रमाचा कणा तयारच मिळतो : १९३१, १९४२, १९५२, १९६४, १९७४-७५, १९८४-८५, १९९४-९५, २००४-०५, २०१४-१५ आणि २०२४-२५.

यातला मुख्य माल पाहू. पोर्तुगीज भारताने १९३१ च्या प्रदर्शनासाठी सहा तिकिटांचा सेट काढला. झेवियरच्या संग्रहाचा पाया हाच. किमती रेईश आणि टांगांत आहेत. १२ रेईश म्हणजे १ टांगा आणि १६ टांगा म्हणजे १ रुपिया, हे पानावर एकदा लिहून ठेवा, नाहीतर वाचणारा गोंधळतो. १९४६ च्या ऐतिहासिक व्यक्तींच्या सेटमध्ये झेवियर आहे आणि पोर्तुगीज जेजुइट धर्मप्रचारक जुआंव द ब्रितो पण आहे. ब्रितोला संतपद १९४७ साली मिळाले, म्हणून त्या तिकिटाखाली ‘संत’ लिहिणे चूक ठरते. १९५२ हे झेवियरच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. त्या वर्षी पोर्तुगीज भारताने तिकिटे आणि सोबत लहान शीटही काढल्या, मकावने तीन तिकिटे काढली आणि स्पेनने २ पेसेताचे एक हवाई टपालाचे तिकीट काढले. मकावच्या तिघांत पुतळा, बाहूचा अवशेष आणि समाधी असे विषय आहेत. बाहूचे तिकीट आवर्जून घ्यावे, कारण अवशेष गोव्याबाहेर कसे विखुरले हा भाग त्याच्याशिवाय नुसत्या मजकुरावर चालवावा लागतो. उजव्या हाताचा पुढचा भाग १६१४ मध्ये रोमला गेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे.

भारताचे स्वतःचे तिकीट २४ डिसेंबर १९७४ चे, २५ पैशांचे, गोव्यातल्या समाधीचे. ही तारीख लक्षात ठेवा. झेवियरचा सण ३ डिसेंबरला येतो, म्हणजे त्या वर्षीच्या सणानंतर तीन आठवड्यांनी तिकीट बाहेर पडले. ३ डिसेंबर १९७४ च्या शिक्क्याचे पाकीट या तिकिटासह कोणी दाखवले तर ते मागाहून केलेले समजून परत द्या. फर्स्ट डे कव्हर घेताना शिक्का कुठल्या गावाचा आहे ते पाहा. पणजीचा शिक्का असलेले कव्हर दुसऱ्या शहराच्या कव्हरपेक्षा फारसे महाग नसते, विषयाच्या दृष्टीने मात्र कितीतरी बोलके असते. भारतीय टपाल खाते प्रत्येक तिकिटासोबत माहितीपत्रक काढते. त्यात प्रकाशनाची तारीख, छपाईची पद्धत, छापखाना आणि छापलेली संख्या दिलेली असते. हे पत्रक तिकिटांच्या प्रदर्शनात मांडायच्या पानावर चिकटवत नाहीत, पण टिपणासाठी जवळ असलेच पाहिजे.

२००६ हे जन्माचे पाचशेवे वर्ष असल्याने स्पेन आणि पोर्तुगाल दोघांनी तिकिटे काढली. लोयोलाचा इग्नेशियस हा जेजुइट या कॅथॉलिक धर्मसंघाचा संस्थापक आणि झेवियरचा पॅरिसमधला सोबती; त्याच्या मृत्यूच्या चारशेव्या वर्षी, १९५६ मध्ये, व्हॅटिकनने दोन तिकिटे काढली. त्यांवर तो पोप तिसरा पॉल याला जेजुइट संघाची घटना सादर करताना दिसतो. संघाला मान्यता २७ सप्टेंबर १५४० ला मिळाली. झेवियर गोव्याला निघाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणून ही दोन तिकिटे पॅरिसच्या प्रकरणाच्या शेवटी चपखल बसतात.

आता प्रकरणे पाडा. जन्म आणि घराणे : हावियरचा किल्ला, ७ एप्रिल १५०६. पॅरिस आणि तिथे मोंमार्त्रला इग्नेशियससोबत घेतलेली शपथ : १५ ऑगस्ट १५३४. लिस्बनहून प्रस्थान : ७ एप्रिल १५४१, म्हणजे त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशीच. गोव्यात आगमन : ६ मे १५४२. मग मोत्यांच्या मासेमारीचा तमिळ किनारा, मलाक्का आणि मोलुक्का बेटे. कागोशिमा : १५ ऑगस्ट १५४९. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर मृत्यू : ३ डिसेंबर १५५२. देहाचा मलाक्कामार्गे गोव्यापर्यंतचा प्रवास : १५५४. संतपद : १२ मार्च १६२२. मग जुन्या गोव्यातले बॉम जेझू चर्च, चांदीची पेटी, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने केलेली समाधी. शेवटी अवशेषांची प्रदर्शने.

पहिल्या खेपेला सोळा पाने पुरेत. तिकिटांच्या प्रदर्शनात एका फ्रेममध्ये तेवढीच बसतात, आणि सोळा पानांत कथा उरकायची म्हटली की नको असलेला माल आपोआप गळतो.

झेवियरचे चित्र असलेली तिकिटे प्रत्येक प्रकरणाला मिळणार नाहीत. मोत्यांच्या किनाऱ्यावर त्याची तिकिटे शोधत बसू नका. तिथे त्या किनाऱ्याचे, मोत्यांचे किंवा पोर्तुगीज जहाजाचे तिकीट चालते. अट एवढीच की संबंध थेट असावा आणि पानावरच्या एका ओळीत सांगता यावा. ‘हेही जहाजच’ एवढ्यावर अठराव्या शतकातले इंग्रजी गलबत लावले तर परीक्षक लगेच गुण कापतो. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज नाउचे, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजाचे, तिकीट शोधा. पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहतींनी जहाजांवर भरपूर तिकिटे काढली आहेत.

काय ‘कॅथॉलिक’ आणि काय नुसते ‘ख्रिस्ती’, यात आपल्याकडे सर्रास घोळ होतो. पंडिता रमाबाईंचे १९८९ चे तिकीट, सेरामपूर कॉलेजचे १९६९ चे, सी. एफ. अँड्र्यूज यांचे १९७१ चे ही तिन्ही ख्रिस्ती विषयाची आहेत, कॅथॉलिक नाहीत. विक्रेते ती एकाच लिफाफ्यात घालून विकतात, त्यांना त्याचे काही वाटत नाही. संत थॉमसची मात्र जागा पक्की आहे. २ डिसेंबर १९६४ ला भारताने १५ पैशांचे तिकीट काढले. पोप सहावे पॉल मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त काँग्रेससाठी, म्हणजे कॅथॉलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, आले, त्याच दिवशी ते निघाले. गंमत म्हणजे त्यावर मद्रासचे किंवा केरळचे काही नसून इटलीतल्या ऑर्तोना कॅथेड्रलमधला थॉमसचा पुतळा आहे. त्याचे अवशेष तिथे आहेत म्हणून. दुसरे तिकीट ३ जुलै १९७३ चे, २० पैशांचे.

त्याच भेटीसाठी व्हॅटिकनने चार तिकिटांचा सेट काढला. त्यात ओव्हल मैदानावरची वेदी आहे आणि गेटवे ऑफ इंडियाही आहे. मुंबईकर संग्राहकाकडे हा सेट नसला तर नवल. तो महागही नाही. भारताचे थॉमस आणि व्हॅटिकनचे चार, दोन्हींची पहिल्या दिवसाची पाकिटे एका पानावर मांडली तर मुंबईच्या भेटीचे एक स्वतंत्र छोटे प्रकरण होते. झेवियर नको असेल त्याने ‘पोप आणि भारत’ हा धागा इथूनच धरावा.

भारताच्या बाकीच्या तिकिटांवर फार रेंगाळत नाही. मदर तेरेसांचे पहिले तिकीट २७ ऑगस्ट १९८० चे, ३० पैशांचे. त्यांचा जन्म २६ तारखेचा. २७ हा बाप्तिस्म्याचा दिवस, आणि त्या स्वतः तोच मानत. केरळचे धर्मगुरू कुरियाकोस चावरा यांचे २० डिसेंबर १९८७ चे ६० पैशांचे, केरळच्याच जोगीण सिस्टर अल्फोन्सा यांचे १९ जुलै १९९६ चे एक रुपयाचे. या तिघांनाही संतपद तिकिटांनंतर मिळाले : अल्फोन्सा २००८, चावरा २०१४, तेरेसा २०१६. पानावर लिहिताना तिकिटाच्या दिवशीचा दर्जा लिहा, नंतरचे संतपद वेगळ्या ओळीत सांगा.

आता टाळायच्या गोष्टी. पैसा इथेच बुडतो.

जॉन पॉल दुसरे, मदर तेरेसा आणि पोप फ्रान्सिस यांच्या रंगीबेरंगी मिनिएचर शीट (एक किंवा मोजकी तिकिटे असलेले छोटे सचित्र ताव) बाजारात ढिगाने दिसतात. त्यांवर अशा देशांची नावे असतात जिथल्या पोस्टाच्या खिडकीवर त्या कधी पोहोचल्याच नाहीत. काही एजन्सींनी संग्राहकांसाठीच काढलेल्या असतात, काही तर त्या देशाच्या टपाल खात्याला न विचारता छापलेल्या, सरळ बेकायदा असतात. तपासायची रीत सोपी आहे. जागतिक टपाल संघाच्या नोंदणीत २००२ पासून सहभागी देशांच्या अधिकृत तिकिटांना क्रमांक दिला जातो. त्या नोंदणीत सहभागी असलेल्या देशाचे २००२ नंतरचे तिकीट तिथेही नाही आणि मोठ्या कॅटलॉगमध्येही नाही, तर ते सोडून द्या. प्रदर्शनात अशी एक शीट लागली तर बाकीच्या चांगल्या पानांकडेही परीक्षक संशयाने बघू लागतो.

व्हॅटिकनचा १९३४ चा सहा तिकिटांचा ओव्हरप्रिंट सेट, म्हणजे जुन्या तिकिटांवर वरून नवी किंमत छापलेला, हा दुसरा सापळा. मूळ तिकिटे १९२९ ची, ती स्वस्त. नव्या किमतीचा ओव्हरप्रिंट झाला की तीच महाग. त्यामुळे ओव्हरप्रिंट बनावट करणाऱ्यांची कमी नाही. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा आणि आकड्यांमधले अंतर खात्रीच्या नमुन्याशी जुळवून पाहा. वापरलेल्या तिकिटावर शिक्का ओव्हरप्रिंटच्या वर हवा. ओव्हरप्रिंटची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली, किंवा शिक्क्याची तारीख १६ जून १९३४ च्या आधीची निघाली, तर प्रश्नच मिटला. मान्यताप्राप्त तज्ज्ञाचे छायाचित्रासह प्रमाणपत्र असल्याशिवाय हा सेट घेऊ नये, कितीही ‘स्वस्तात’ मिळत असला तरी. नवशिक्याला त्याची गरजही नाही.

पोपच्या राज्याची जुनी तिकिटे १८५२ ते १८७० ची. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या आणि तिहेरी मुकुट असलेली ही लहानशी तिकिटे दिसायला मोहक आहेत आणि त्यांची पुनर्मुद्रणे अक्षरशः पोत्याने आहेत. १८६८ च्या मूळ तिकिटांचे छिद्रण साधारण १३ च्या मापाचे असते; साडेअकराचे दिसले तर पुनर्मुद्रण. कागद मूळचा चकाकीचा असतो, पुनर्मुद्रणांचा बहुधा निस्तेज. छिद्रण म्हणजे दोन सेंटिमीटरमधल्या छिद्रांची संख्या, ती मापपट्टीवर मोजतात. पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि तिच्यावाचून इथे पाऊल टाकू नये.

अतिनील दिव्याचाही उपयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीचा कागद त्याखाली मंद दिसतो. कागद उजळ करणारी रसायने नंतरची, त्यामुळे १९३१ किंवा १९३४ चे म्हणून दाखवलेले तिकीट दिव्याखाली निळसर पांढरे झळाळले तर ते बनावट तरी आहे, किंवा कोणीतरी डाग काढायला कपड्यांच्या पावडरीत धुतले आहे. तिकिटाचा फाटलेला कोपरा चिकटवला असेल तर तोही त्याच दिव्याखाली वेगळा दिसतो.

डिंकाच्या बाबतीत विक्रेत्यांच्या कौतुकाला भुलू नका. हिंज म्हणजे तिकीट पानाला लावायची डिंकाची छोटी कागदी पट्टी. ‘कधीही हिंज न लावलेले’ असे म्हणून जुन्या सेटची दुप्पट-तिप्पट किंमत सांगतात, आणि नेमका हाच माल पुन्हा डिंक लावून तयार केला जातो. नवा डिंक छिद्रांच्या दातांच्या टोकांपर्यंत ओघळलेला असतो आणि टोके कडक लागतात. मूळ डिंक छिद्रे पाडण्याआधी लागलेला असल्याने टोकांचे तंतू मऊ, मोकळे असतात. मकावची त्या काळातली बरीच तिकिटे दमट हवामानामुळे मुळात डिंकाशिवायच निघाली. कॅटलॉगमध्ये ‘विनाडिंक’ अशी नोंद असेल आणि तुमच्यासमोरच्या तिकिटाला चकचकीत डिंक असेल, तर तो कोणाच्या तरी हातचा आहे. विषयवार संग्रहाला हलका हिंज लावलेले कोरे तिकीट पूर्ण चालते. १९३१ चा सेट तसाच घ्या आणि वाचलेल्या पैशांत त्या सेटचे टपालातून खरोखर गेलेले एखादे पाकीट शोधा.

पाकिटांचा क्रम माझ्या मते असा : खरोखर प्रवास केलेले पाकीट सर्वांत वर, मग अधिकृत सचित्र शिक्का, मग कोरा सेट, आणि फर्स्ट डे कव्हर सर्वांत खाली. नवशिके नेमके उलट करतात. फर्स्ट डे कव्हर दिसायला सुंदर असते, पण त्यावरचे चित्र ही सजावट आहे, टपालाचा भाग नाही. टपाल खात्याच्या विशेष आवरणांचेही, म्हणजे एखाद्या प्रसंगासाठी काढलेल्या खास पाकिटांचेही, तेच. गोव्यात, वसईत, वांद्र्यात चर्चच्या महोत्सवांना विशेष आवरणे निघतात. त्यांत विषयवार संग्रहाला मोल असते ते सचित्र शिक्क्याचे. शिक्क्यात चर्च किंवा संत असेल तर घ्या. शिक्का साधा आणि चित्र फक्त पाकिटावर असेल तर सोडा. प्रदर्शनाच्या पानात खाच पाडून पाकीट असे मागे सरकवतात की तिकीट आणि शिक्काच पुढे दिसतो, चित्राचा डावा भाग पानामागे जातो.

काही पोस्टांत पर्यटनस्थळांचे कायमस्वरूपी सचित्र शिक्के असतात. स्वतःच्या पत्त्याचे, योग्य दराचे तिकीट लावलेले पाकीट खिडकीवर द्या. शिक्का स्वच्छ, अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर पडू दे असे नम्रपणे सांगा. पाकिटात एक कडक पुठ्ठा घाला, म्हणजे शिक्का उठून येतो आणि छाटणी यंत्रात पाकीट मुडपत नाही. तिकीट विषयाचेच हवे. झेवियरच्या शिक्क्याखाली क्रिकेटचे तिकीट विनोदी दिसते.

मॅक्सिमम कार्डमध्ये तिकीट पोस्टकार्डाच्या चित्राच्या बाजूवरच लावून शिक्का मारून रद्द केलेले असते, आणि चित्र, तिकीट, शिक्का या तिघांचा विषय जुळावा लागतो. कार्ड तिकिटाच्या आधीचे असले तर उत्तम. तिकिटाचेच चित्र मोठे करून छापलेले कार्ड असेल तर ते बाद. बॉम जेझूमधल्या समाधीचे जुने पोस्टकार्ड, १९७४ चे तिकीट आणि पणजीचा शिक्का असे त्रिकूट मिळाले तर सोडू नये.

‘माय स्टॅम्प’ या सोयीत पैसे भरून हवे ते चित्र तिकिटाला जोडलेल्या पट्टीवर छापून मिळते. धर्मप्रांतांनी, शाळांनी ती काढून घेतलेली आहेत. आठवण म्हणून ठेवा; संग्रहाचा आधार त्यावर नको, कारण तिथे विषय टपाल खात्याने निवडलेला नसतो.

व्हॅटिकनचा एक खास प्रकार सांगितलाच पाहिजे. पोपचे निधन झाले किंवा त्याने पद सोडले की नवा पोप निवडेपर्यंत ‘रिक्तासना’ची तिकिटे निघतात. त्यांवर पोपच्या मुकुटाऐवजी अर्धवट उघडी छत्री आणि किल्ल्या असतात. १९३९ ची पहिली ही १९२९ च्या तिकिटांवरचा ओव्हरप्रिंट होती. मग १९५८, १९६३, १९७८ मध्ये दोनदा, २००५, २०१३ आणि २०२५. नवा पोप निवडला गेला की त्यांची मुदत संपते. २००५ ची तिकिटे १२ एप्रिलला निघाली आणि १९ एप्रिलला निवड झाली, म्हणजे पत्रावर खरोखर वापरायला जेमतेम आठवडा मिळाला. कोरे सेट मुबलक आहेत. त्या आठवड्यात सर्वसाधारण पत्रावर लागून परदेशी पोहोचलेले पाकीट शोधावे लागते. व्हॅटिकनची तिकिटे व्हॅटिकनच्या पोस्टातच चालतात, त्यामुळे इटलीच्या शिक्क्याने रद्द झालेले पाकीट असेल तर काहीतरी गडबड आहे. डिंक शाबूत आणि कोपऱ्यात नेटका पाव शिक्का असे व्हॅटिकनचे ‘वापरलेले’ सेट तर संग्राहकांसाठी रद्द केलेले असतात. कोऱ्यापेक्षा त्यांना कमी मोजा.

आणखी एक कोपरा लोक विसरतात : दुसऱ्या महायुद्धात व्हॅटिकनने युद्धकैद्यांची चौकशी करणारे माहिती कार्यालय चालवले होते. भारतात डेहराडून, योल वगैरे छावण्यांत हजारो इटालियन कैदी होते. त्यांच्या निरोपांचे फॉर्म आणि सेन्सॉरच्या खुणा असलेली पाकिटे अजून हाती लागतात. त्यांवर संताचे चित्र नसते, म्हणून तिकिटेच पाहणाऱ्यांचे तिकडे लक्ष जात नाही.

आता दमट हवा. वसई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे जून ते सप्टेंबर संग्रहाचे जे नुकसान होते ते बाकी वर्षभरात होत नाही. ओलाव्याने डिंक मऊ होऊन तिकीट पानाला चिकटते, आणि बुरशीचे तपकिरी ठिपके आधी छिद्रांच्या टोकांवर उमटतात. हे ठिपके एका तिकिटावरून शेजारच्यावर जातात. डाग दिसलेले तिकीट त्याच दिवशी वेगळ्या लिफाफ्यात काढा. घरगुती ब्लीचने डाग फिके होतात खरे, पण कागद ठिसूळ होतो आणि रंगही उडतात.

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहावी. अंदाज नको, छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा. अल्बम घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, उभे, सैल ठेवा; आडवे एकावर एक रचले की वजनाने डिंक चिकटतो. डब्यात सिलिका जेलच्या कापडी पुड्या ठेवा, साधारण दहा लिटरच्या डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम. रंग बदलणारे जेल घ्या; रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. पुडी तिकिटांना टेकू देऊ नका. आर्द्रता ४० च्या खाली घसरली तर जेल कमी करा, कारण फार कोरड्या हवेत जुना डिंक तडकतो आणि तिकीट गुंडाळी होते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट सर्वांत वाईट, त्याच्या पाठीला आतून दव धरते. डबा आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ माउंटच्या (तिकीट ठेवायच्या पारदर्शक खिशाच्या) प्लास्टिकला मऊ करते आणि तिकीट त्यात अडकते. झुरळ आणि कसर यांच्यासाठी डबा बंद असणे आणि त्याभोवतीची स्वच्छता एवढेच उपाय पुरतात. स्वस्त पीव्हीसीचे फोटो-अल्बम आणि स्वतः चिकटणारी पाने यांनी रंग ओढले जातात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असे स्पष्ट लिहिलेलेच पाउच घ्या. लॅमिनेशन केलेले तिकीट संग्रहातून वजा समजा.

वापरलेली सुटी तिकिटे पाकिटावरून सोडवायची तर चारी बाजूंनी सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा. कागद आपोआप सुटतो, ओढू नका. मग स्वच्छ पाण्यातून काढून पांढऱ्या टिपकागदावर चित्राची बाजू खाली करून वाळवा, आणि थोडी ओल असतानाच दोन टिपकागदांमध्ये जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. रंगीत पाकिटावरची, जांभळ्या किंवा लाल शाईच्या शिक्क्याची आणि स्वयंचिकट तिकिटे पाण्यात घालू नका, ती कागदासकट ठेवा. बोटांनी हाताळू नका. चपट्या, बिनदात्याच्या टोकाचा चिमटा वापरा. औषधाच्या पेटीतला दातेरी चिमटा तिकिटाला खाचा पाडतो.

पाने आम्लरहित, १६० ते १८० ग्रॅमच्या जाडीची, पांढरी किंवा किंचित पिवळसर असावीत. माउंट तिकिटापेक्षा चारी बाजूंनी दोन मिलिमीटर मोठा. मजकूर पानाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. वर कथेची ओळ आणि खाली, वेगळ्या अक्षरात, तिकिटाची टपाली माहिती : साल, छपाई, छिद्रण, काही वेगळेपण असेल तर ते. झेवियरचे सगळे चरित्र पानावर उतरवू नका.

विषयवार प्रदर्शनात शंभर गुणांची वाटणी ठरलेली आहे. शीर्षक-आराखडा, विकास आणि नावीन्य मिळून ३५, ज्ञान आणि संशोधन ३०, साहित्याची अवस्था १० आणि दुर्मीळता २०, मांडणी ५. रंगीत पार्श्वभूमी, सोनेरी किनारी, क्रूसाची नक्षी यांवर रात्री घालवणारे त्या पाच गुणांसाठी घालवतात. आराखड्याचे पहिले पान नीट केले तर पंधरा गुणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

भारतातली नवी तिकिटे दर्शनी किमतीला घ्यायची असतील तर मुंबई जीपीओ किंवा जवळच्या फिलाटेली ब्युरोत (टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विभागात) ठेव खाते उघडा; ठेवीतून पैसे वळते होऊन तिकिटे घरी येतात. खात्यावर काय हवे ते कळवताना प्रत्येक वस्तू एकेकच सांगा. ब्लॉक, पूर्ण शीट, फर्स्ट डे कव्हर, माहितीपत्रक सगळे दोन-दोन घेतले तर वर्षाकाठी ठेव विषयाबाहेरच्या तिकिटांतच संपते. शक्य तर खाते नकोच, विषयाचे तिकीट निघाले की जाऊन घ्यावे.

तुमच्या हातातल्या मालाचे आता काय करायचे? व्हॅटिकनच्या सुट्या तिकिटांतून भारत भेट, जेजुइट संत आणि रिक्तासन एवढी वेचून काढा, बाकीची अदलाबदलीला ठेवा. मदर तेरेसा हा वेगळा विषय आहे, तो दुसऱ्या डब्यात. पहिली खरेदी १९७४ चे तिकीट आणि त्याचे पणजीचे कव्हर, दुसरी व्हॅटिकनचा १९६४ चा सेट, तिसरी १९५२ चे मकाव, आणि मग हिंज लावलेला १९३१ चा सेट. आणि घरातल्या किंवा नात्यातल्या जुन्या ट्रंका उघडून पाहा. गोव्याच्या किंवा वसईच्या घरांत सेमिनरीतून, कॉन्व्हेंटमधून आलेली १९५०-६० ची पत्रे निघतात. त्यांच्यावरचे तिकीट कापू नका. पाकीट आहे तसे, पत्र आत ठेवून, पॉलिएस्टरच्या पाउचमध्ये घाला. पाठवणाऱ्याचे गाव, पोहोचल्याचा मागचा शिक्का आणि दोन्ही तारखा पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर टिपून त्याच पाउचमध्ये ठेवा.